परवान्यावरची बैठक : हिंगोलीच्या परमिट रूमची वाटचाल

हिंगोली जिल्हा 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झाला, त्याला 2024 मध्ये पंचवीस वर्षे पूर्ण झाली. रौप्यमहोत्सवी स्मरणिका म्हटली की बाजार समिती, नगरपालिका, वाचनालये, शाळा, दीडशे वर्षांहून जुना दसरा, औंढ्याचा नागनाथ यांचे इतिहास ओळीने येतात आणि ते यायलाच हवेत. आमच्या वाट्याला आलेले काम मात्र जरा अवघड जागेचे आहे. या संस्थेला अध्यक्ष नाही, वार्षिक सभा नाही आणि तिचे सभासदत्व कोणी कबूल करत नाही. तरीही जिल्ह्यातली निम्मी चर्चा रोज संध्याकाळी तिथेच उरकते आणि तिच्या साठ्याचा हिशेब शासनाच्या दप्तरी बाटलीबाटलीने लिहिलेला असतो. परमिट रूम ही ती संस्था.

ज्याच्या पोटी ती जन्मली तो मुंबई दारूबंदी अधिनियम 1949 सालचा. म्हणजे जिल्ह्याचा रौप्यमहोत्सव आणि संस्थेचा अमृतमहोत्सव एकाच वर्षी आले आहेत. दुसऱ्या कुठल्या संस्थेने हा योग असा मुकाट्याने जाऊ दिला नसता. मांडव घातला असता, पाहुणे बोलावले असते.

मुंबईत कुलाब्याचा लिओपोल्ड कॅफे 1871 हे आपले स्थापनावर्ष मिरवतो आणि त्याच्या नावाचे टी-शर्टही विकतो. आपल्याकडच्या परमिट रूमच्या पाटीवर स्थापनावर्ष शोधून सापडत नाही. सापडतो तो परवाना क्रमांक आणि त्याच्या मागे-पुढे कुठेतरी ‘एफएल-3’ हा परवान्याचा प्रकार. इतिहास लिहिणाऱ्याने एवढ्यावरच भागवायचे असते. मालक, आचारी, वेटर आणि ग्राहक यांपैकी कोणाचेही नाव या लेखात नाही. काहींनी ते छापू नका अशी गळ घातली. उरलेल्यांच्या घरी ही स्मरणिका जाणार आहे, एवढे कारण आम्हाला पुरे वाटले.

पूर्वपीठिका : छावणी, शिंदी आणि गुत्ता

पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही नावे हिंगोलीकर दिवसातून दहादा घेतो. हैदराबाद कंटिंजंटची छावणी इथे होती, तिची ही आठवण. छावणी आली की बाजार आला आणि बाजारात कलालाचे दुकान आले. गोऱ्या अधिकाऱ्यांचे मेस वेगळे, शिपायांचा गुत्ता वेगळा, आणि संध्याकाळी पगाराचा हिशेब दोन्हीकडे सारख्याच वेगाने चुकता होई. 1903 मध्ये कंटिंजंट ब्रिटिश हिंदुस्थानी फौजेत विलीन झाले आणि छावणी उठली. पेन्शनर राहिले. गुत्ताही राहिला.

निजामाच्या राज्यात आबकारी हे उत्पन्नाचे भरभक्कम कलम होते. शिंदीच्या झाडांवर कर बसे, दुकानांचा लिलाव होई आणि बोली जिंकणारा तो गुत्तेदार. पहाटे झाडावरून उतरवलेला रस गोड असतो. ऊन चढेल तसा तो आंबत जातो आणि दुपारपर्यंत मडक्याला फेस येतो. त्यामुळे त्या काळच्या बैठकीला घड्याळाची गरज नव्हती. शेतातून परतताना ज्याला जशी चव हवी, त्या वेळेला तो येई. मोहाची दारू हा वरच्या दर्जाचा प्रकार, पण तीही मातीच्या भांड्यात आणि जमिनीवर बसूनच. खुर्ची, टेबल, पंखा ही सगळी पुढच्या शतकातली चैन.

संस्थेवरचा पहिला मोठा आघात स्वातंत्र्यसैनिकांनी केला, हे अभिमानाने नोंदवले पाहिजे. 1947-48 च्या लढ्यात हैदराबाद स्टेट काँग्रेसने निजामाचे उत्पन्न तोडण्यासाठी जे कार्यक्रम दिले, त्यांत लेव्ही न देणे होते, जंगल सत्याग्रह होता आणि शिंदीची झाडे तोडणेही होते. मराठवाड्यात रात्रीत बनेच्या बने आडवी झाली. आज ज्या संस्थेचा गौरव करायला आम्ही बसलो आहोत, तिच्या मुळावर कुऱ्हाड घालणारी माणसे याच मातीतली होती, आणि स्मरणिकेच्या पहिल्या पानावर त्यांना अभिवादन आहे. दोन्ही गोष्टी एकाच पुस्तकात बसतात, याला इलाज नाही. 17 सप्टेंबर 1948 रोजी निजामाची सत्ता संपली. गुत्ते तेवढ्याने संपले नाहीत.

1949 ते 1960 : बंदीच्या पोटी जन्म

संस्थेचा जन्म हिंगोलीत झालेला नाही, तो मुंबईत विधिमंडळात झाला. मुंबई शहरात 1939 साली डॉ. गिल्डर आबकारी मंत्री असताना दारूबंदीचा पहिला प्रयोग होऊन गेला होता. मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि तो बारगळला. स्वातंत्र्यानंतर 1949 चा अधिनियम क्रमांक 25 आला आणि 1950 च्या एप्रिलपासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी झाली. बलसारा नावाच्या पारशी गृहस्थांनी हा कायदा न्यायालयात नेला. 1951 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बहुतांशी उचलून धरला. औषधी आणि प्रसाधनांतल्या मद्यार्काबाबतच्या कलमांसह काही तरतुदी तेवढ्या गेल्या.

या कायद्याने दारू बंद केली आणि त्याच कायद्याने ती कोणाला चालेल याची दारेही करून ठेवली. आजारी माणूस, परदेशी पाहुणा, ज्याची प्रकृती दारूवाचून ढासळेल तो, अशांसाठी परवाना. ‘आरोग्याचे जतन व रक्षण’ हे परवान्याचे अधिकृत कारण. आमच्या या परिसरात गेली कित्येक वर्षे रोज संध्याकाळी शेकडो माणसे आरोग्य जतन करायला कुठेतरी बसतात, त्याचा कायदेशीर पाया हा असा आहे. परवानाधारकाने बसून प्यायची खोली म्हणून ‘परमिट रूम’. राज्यघटनेच्या कलम 47 ने दारूबंदी हे राज्याचे उद्दिष्ट ठरवले, आणि या उद्दिष्टाच्या सावलीत आमची संस्था वाढली.

मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे हा कायदा इथे लगेच आला नाही. 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाड्याचे पाच जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला तालुका. 1959 च्या विस्तार कायद्याने दारूबंदी राज्याच्या उरलेल्या भागांनाही लागू झाली आणि निजामी गुत्त्याचा कारभार कागदोपत्री संपला. 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला, तो कोरडाच.

साठचे दशक : संस्था भूमिगत

या दशकाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, कारण जे घडले ते रात्री घडले. कागदावर कोरड, नाल्याकाठी हातभट्टी. गूळ, नवसागर आणि कधीकधी त्याहून वाईट काही. मुंबईत आंटीचे अड्डे चालत. आपल्याकडे आंटी नव्हत्या, पण मागच्या दाराने हाक मारायची पद्धत तीच. या काळातल्या कार्यकर्त्यांनी पोलिसी कारवाया सोसल्या, काहींनी डोळे गमावले, काही परत आले नाहीत. संस्थेच्या इतिहासात त्यांचा उल्लेख सहसा येत नाही. विषारी दारूने मेलेल्या माणसाचे नाव कोणी भिंतीवर लावत नाही.

वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना दारूबंदीची पकड हळूहळू सैल झाली. परवाना मिळणे सोपे झाले. संपूर्ण बंदीची भाषा मागे पडली, कायद्याचे नाव मात्र तेच राहिले. आजही राज्यातली प्रत्येक बाटली दारूबंदी अधिनियमाखालीच विकली जाते. 2012 मध्ये त्यातले ‘मुंबई’ जाऊन ‘महाराष्ट्र’ आले, ‘दारूबंदी’ हा शब्द कोणी हलवला नाही. आणि दारूबंदीच्या या कायद्याखाली शासनाला वर्षाला 20 हजार कोटींहून अधिक महसूल मिळतो, हेही नोंदवून ठेवतो.

सत्तरचे दशक : देशीला मान्यता

1972 च्या दुष्काळाने मराठवाडा मोडून टाकला. रोजगार हमीच्या खडीवर बसलेली माणसे, सुकडीच्या रांगा. त्याच्या पुढच्याच वर्षी, 1973 साली, महाराष्ट्र देशी दारू नियम आले. हातभट्टीला शह द्यायचा तर सरकारमान्य, मोजलेली, सीलबंद दारू हवी, असा त्यामागचा विचार. तो खोटा नव्हता. दुष्काळात माणसाकडे पैसा नसतो, तरी देशीच्या दुकानासमोर रांग कशी लागली, हे कोडे अर्थशास्त्राच्या पुस्तकातून सुटणारे नाही.

मद्यार्क मळीतून येतो आणि मळी उसातून. वसमतला पूर्णा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, पूर्णेच्या पाण्यावर ऊस वाढला आणि राज्यभर सहकारी साखर कारखानदारीचे दुसरे टोक डिस्टिलरीत जाऊन थांबले. सहकाराच्या इतिहासात हे प्रकरण एका ओळीत आटोपतात, आम्हीही आटोपतो.

या दशकात आणखी एक निर्णय झाला आणि पुढच्या पन्नास वर्षांचे चित्र त्याने ठरवले. देशी आणि विदेशी दारूच्या किरकोळ दुकानांचे नवे परवाने देणे शासनाने थांबवले. जुनी दुकाने हातबदल करत राहिली, त्यांच्या परवान्यांना सोन्याचे मोल आले. परमिट रूमचा परवाना मात्र मिळत राहिला. दुकान वाढेना म्हणून खोली वाढली. हिंगोलीत बसस्टँड, रेल्वे स्टेशन, नाका जिथे जिथे होता, तिथे एक जिना वर गेला किंवा एक दार आत उघडले.

ऐंशीचे दशक : पडदा, पंखा, जाळी

जुन्या परमिट रूमचा साचा या दशकात पक्का झाला आणि त्यातल्या काही खोल्या अजून तशाच आहेत. त्यातल्या एकीत वाचकाने एकदा जरूर जावे. न पिणाऱ्यानेही जावे, सोडा तिथे चांगला मिळतो.

दार अर्धे, त्यावर पडदा. पडद्याचा मूळ रंग हिरवा होता असे जाणकार सांगतात. आत शिरताच डाव्या हाताला काउंटर, त्याला लोखंडी जाळी. जाळीआड बाटल्या, बाटल्यांच्या वर बालाजी, साईबाबा आणि कोणत्या तरी खत कंपनीचे कॅलेंडर. समोर ‘आज रोख उद्या उधार’ ही पाटी, आणि पाटीच्या खालीच गल्ल्यावर उधारीची लांबट वही. ‘फॅमिली रूम’ असा बाण एका जिन्याकडे दाखवतो. त्या जिन्यावर रिकाम्या बाटल्यांचे क्रेट रचलेले असल्यामुळे वर कोणती फॅमिली गेली हे सांगणारा कोणी भेटत नाही.

टेबलाला सनमायका. कडा उखडल्यामुळे तिथे हात ठेवायचा नाही, हे जुन्या गिऱ्हाइकाला आपोआप कळते. पंख्याला वेग एकच. पंख्याखालच्या टेबलाला मानाचे स्थान आहे आणि ते तिथल्या सेवाज्येष्ठतेप्रमाणे मिळते. वेटर बिल लिहीत नाही. बिअरच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर रेघा मारतो. चार उभ्या आणि एक आडवी. नव्वदची रेघ आखूड, क्वार्टरची लांब. आयुष्यात कधी गणिताच्या परीक्षेला न बसलेला हा माणूस पाच टेबलांचा हिशेब एका पुठ्ठ्यावर ठेवतो आणि त्यात खोट काढायला गेलेले भले भले ओशाळून परतले आहेत. चखण्याला शेंगदाणे, कांदा, लिंबू. वर तिखट-मीठ टाकलेले उकडलेले अंडे. ऐपत असेल तर मसाला पापड. स्टीलच्या जगमधले पाणी कोमट असते. बर्फ मागितला तर वेटर आधी माणसाकडे बघतो, मग घड्याळाकडे.

दुसऱ्या वेटरचे काम गाड्यांचे. बसस्टँडचा भोंगा खोलीत ऐकू येतो, पण काय म्हणाला ते समजत नाही, हा माणूस दारात जाऊन येतो आणि सांगतो, “सेनगाव लागली बरं का, मास्तर!” मास्तर म्हणतात, “पुढची.” पुढची अशी नसते, हे दोघांनाही ठाऊक असते.

बसणारे कोण? निवृत्त शिक्षक, अडत्याचा मुनीम, कोर्टाच्या तारखेला आलेला शेतकरी, त्याच्याच विरुद्ध बाजूचा शेतकरी, खासगी कंपनीचा औषधविक्रेता. भाव, बियाणे, बदली आणि भाऊबंदकी हे कायमचे विषय. गावात ज्याच्या ओट्यावर जाऊन बसता येत नाही, त्याच्या शेजारी इथे खुर्ची टाकता येते. हे खरे आहे आणि ते मोठेपणाने सांगितले जाते. पण ग्लास विसळून परत येतो तेव्हा कोणी तो नीट निरखून बघतो, तेही आम्ही पाहिले आहे. जुन्या खोल्यांत स्टीलचे ग्लास जाऊन काचेचे आले, म्हणजे सगळे धुतले गेले असे नाही.

या दशकात काही टेबलांवर काही अंतर्गत मतभेद झाले, एकदोन खुर्च्या कामी आल्या. त्याचा तपशील येथे अप्रस्तुत ठरेल. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सर्व संबंधित पुन्हा वेळेवर हजर होते, एवढी नोंद पुरेशी आहे.

कायद्याप्रमाणे पिणाऱ्याकडे परवाना हवा. एक दिवसाचा विदेशीसाठी पाच रुपये, देशीसाठी दोन. वर्षाचा शंभर, आजीवन हजार. परमिट रूमच्या काउंटरवर या एकदिवसीय परवान्यांचे पुस्तक असते. ते कोणी मागत नाही, कोणी दाखवत नाही. महिनाअखेरीला मालक एकटाच बसून नावे भरतो. त्या पुस्तकांतली नावे वाचली तर हिंगोलीत कधीही न आलेली कितीतरी माणसे इथे आरोग्य जतन करून गेल्याचे आढळेल.

नव्वदचे दशक : तालुक्याचा जिल्हा

1 मे 1999 रोजी हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत या पाच तालुक्यांचा जिल्हा झाला. जिल्हा म्हणजे कार्यालये. जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, जिल्हा परिषद, आणि हो, राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांचे कार्यालयही. आधी तपासणीसाठी परभणीहून साहेब यायचे, त्यांचा दौरा दोन दिवस आधी कळायचा. आता साहेब गावातच. संस्थेच्या कारभारात त्यामुळे शिस्त आली, असे म्हणण्याची पद्धत आहे.

बदलीवर आलेला कर्मचारी एकटा असतो. खोली भाड्याची, डबा बाहेरचा. संध्याकाळी सात ते नऊ या दोन तासांचे काय करायचे, हा प्रश्न नव्या जिल्ह्याने शेकडो माणसांना घातला. वाचनालय सातला बंद होई. परमिट रूम सातला भरू लागे.

2000 ते 2010 : बाटली आडवी

या दशकाचा मान संस्थेच्या विरोधकांना द्यावा लागतो. कपाशीचे, सोयाबीनचे पैसे हातात पडले की त्यातले किती घरी पोहोचतात याचा हिशेब ज्यांनी वर्षानुवर्षे ठेवला, त्या बायका गावोगाव ग्रामसभेत उभ्या राहिल्या. बचत गटांमुळे त्यांना एकत्र बसायला निमित्त मिळाले होते. आपल्या परमिट रूमवर लिहिलेल्या बहुतेक लेखनात त्या भांडखोर म्हणून येतात किंवा विनोदापुरत्या येतात. वहीतली उधारी शेवटी कोणाच्या मंगळसूत्रातून फिटते हे ज्याला ठाऊक आहे, त्याने असे लिहू नये.

शासनाने 2008 मध्ये मतदानाची रीत ठरवून दिली. गावातल्या किंवा वॉर्डातल्या 25 टक्के महिला मतदारांनी मागणी केली की मतदान घ्यायचे. मतपत्रिकेवर दोन चित्रे : उभी बाटली, आडवी बाटली. आडवीला नोंदलेल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते पडली तर दुकान बंद. अडचण त्या ‘एकूण’मध्ये होती. ज्या बाईला शेतातून सुटी मिळाली नाही, जी माहेरी होती, जिचे नाव यादीत राहिले पण ती वारली होती, त्या सगळ्यांची मते आपोआप उभ्या बाटलीकडे मोजली गेल्यासारखी होत. राज्यात कितीतरी गावांत आडवीला भरघोस मते पडूनही दुकान उघडेच राहिले, ते यामुळे. जिथे बंद झाले, तिथले गिऱ्हाईक तालुक्याच्या परमिट रूममध्ये आले, आणि येताना एसटीचे तिकीटही काढू लागले.

2008 मध्येच पूर्णा-अकोला मार्गाचे रुंदीकरण पूर्ण होऊन हिंगोली ब्रॉडगेजवर आली. मीटरगेजची गाडी उशिरा येई आणि तिची वाट बघायला जागा लागे. स्टेशनजवळच्या जुन्या खोल्यांचा धंदा त्या वाट बघण्यावर चाले. नवी गाडी वेळेवर येऊ लागली, हे त्यांना मानवले नाही.

2011 ते 2020 : पाचशे मीटर आणि सहा महिने

15 डिसेंबर 2016 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून 500 मीटरच्या आत दारूविक्री नको, असा निकाल दिला. आपल्या गावांचे चित्र डोळ्यांसमोर आणा : अकोला-वाशीम-हिंगोली-नांदेड हा महामार्ग आणि त्याला चिकटून वसलेली सगळी बाजारपेठ. 1 एप्रिल 2017 च्या सकाळी कितीतरी शटर खालीच राहिली. वीस हजारांपर्यंत वस्तीच्या गावांसाठी अंतर 220 मीटर झाले, औंढा-सेनगावसारख्या ठिकाणी टेप घेऊन माणसे फिरू लागली. अंतर कसे मोजायचे यावर वकिलांची सोय झाली. केरळात उत्तर परवूरला एका मालकाने आपल्या दारासमोर भिंती घालून चक्रव्यूह उभा केला आणि चालायचे अंतर पाचशे मीटरच्या पुढे नेले. आपल्याकडे जागा एवढी ऐसपैस नव्हती, नाहीतर बुद्धी कमी पडली नसती. जुलै 2017 मध्ये न्यायालयानेच स्पष्ट केले की नगरपालिका हद्दीतल्या परवान्यांना ही बंदी नाही, आणि हिंगोली शहरातले पडदे पुन्हा हलू लागले.

मधल्या तीन महिन्यांत जुने वेटर परत गावी गेले. सगळे आले नाहीत. पुठ्ठ्यावरच्या रेघांची विद्या बहुतेक खोल्यांत तेव्हाच तुटली. तिथे आता छापील बिल येते आणि त्यात चूक निघते.

मग 2020. मार्चअखेरीस टाळेबंदी. मे महिन्यात शासनाने परमिट रूमना सीलबंद बाटल्या छापील किमतीत विकायची मुभा दिली, कारण गोदामातला माल संपवायचा होता. परमिट रूम म्हणजे बसण्याची जागा. तिला उभ्याउभ्या विकायला लावले, हा संस्थेच्या मूळ हेतूलाच धक्का होता. 5 ऑक्टोबरला निम्म्या खुर्च्यांनिशी बैठक पुन्हा सुरू झाली. पंख्याखालच्या टेबलावर एकच खुर्ची ठेवायची वेळ आली, तेव्हा ज्येष्ठतेचा प्रश्न नव्याने उभा राहिला. तो सामंजस्याने सुटला असे समजते.

सद्यःस्थिती

आजची नवी परमिट रूम काचेची, थंड आणि निळ्या दिव्यांची आहे. तिथे मोठा पडदा असतो, क्रिकेट असते, आणि शेजारच्या टेबलावरचे बोलणे ऐकू येत नाही. धंदा तिथे आहे. जुन्या खोल्या हळूहळू त्याच परवान्यावर काच लावून घेत आहेत, काहींच्या जागी मोबाइलची दुकाने आली. ज्या उरल्या त्या गावातल्या जुन्या माणसांच्या जोरावर. 1 नोव्हेंबर 2023 पासून बसून पिण्यावरचा व्हॅट पाचाचा दहा टक्के झाला, तेव्हापासून पुष्कळांनी वाइन शॉपमधून घेऊन शेतात बसणे पसंत केले आहे. शेतात पंखा नसतो आणि मोटार चालू असेल तर बोलणेही होत नाही, पण दहा टक्के वाचतात.

हळदीचा हंगाम मात्र अजून संस्थेला तारून नेतो. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, हिंगोलीच्या बाजारात लांबलांबून हळद येते. काट्यावर माल उतरला, पट्टी हातात पडली की शेतकऱ्याचे पाय आधी कृषी सेवा केंद्राकडे वळतात. उधारी फेडून जे उरते त्याची वाटणी पुढे होते. मार्च ते जून या महिन्यांत खोलीत शिरलेल्या माणसाच्या बोटांवरून तो कुठून आला ते कळते. ग्लासावरही पिवळा ठसा राहतो आणि वेटर तो पुसायला कंटाळा करतो.

2024 मध्ये 26 एप्रिलला हिंगोली लोकसभेचे मतदान होते. मतदान संपण्याआधीचे 48 तास कायद्याने कोरडे. प्रचाराची सगळी गणिते ज्या टेबलांवर मांडली गेली होती, ती टेबले ऐन वेळी रिकामी ठेवावी लागतात, हा नियम करणाऱ्याला खोलीची चांगली माहिती असावी. आषाढी एकादशी, गांधी जयंती, स्वातंत्र्यदिन, प्रजासत्ताक दिन हे कोरडे दिवस संस्था कटाक्षाने पाळते. आदल्या संध्याकाळी थोडी धावपळ होते.

संस्थेच्या मागण्या जुन्याच आहेत आणि आम्ही त्या येथे मांडून ठेवतो. बसस्टँडवरून सेनगावकडे रात्री आणखी एक गाडी असावी. खोलीमागच्या मुतारीला दार असावे. उधारीच्या वहीतली पाने फाडू नयेत. विषारी दारूने आणि पिऊन गाडी चालवल्याने जी माणसे गेली, त्यांच्या घरच्यांना कोणी कधी भेटायला गेले का, हे संचालकांनी, म्हणजे आपण सगळ्यांनी, एकमेकांना विचारावे. देशी दुकानापुढे सकाळी आठला उभा राहणारा माणूस आमचा सभासद नाही असे म्हणून संस्थेला हात झटकता येणार नाहीत. तो एकेकाळी पंख्याखालीच बसत होता.

या लेखासोबत छापण्यासाठी जुनी छायाचित्रे पाठवावीत, असे आवाहन आम्ही केले होते. एकही आले नाही. जाहिराती मात्र बऱ्याच आल्या, अर्ध्या पानाच्या, पूर्ण पानाच्या. सगळ्यांच्या खाली एकच नाव टाकायला सांगितले आहे : एक हितचिंतक.